बाबा, मी बँकेला विचारलंच नव्हतं

प्रिय बाबा,

जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून लिहितेय. इथे आयर्लंडमध्ये, रिंगास्किडीच्या आमच्या प्लांटच्या पार्किंगमध्ये. सकाळी आईचा अमरावतीहून फोन आला होता. तुमचा फोटो मोठा करून फ्रेमला टाकतेय म्हणाली. "नव्या घरात कोणत्या भिंतीवर लावशील ते सांग. त्या मापाचा करून घेते."

मी म्हटलं, "हॉलमध्ये, आई."

बाबा, हॉल नाही. भिंत नाही. घरच झालं नाही. हे तिला सांगायचा धीर होत नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगतेय. तुमच्याशी बोलायला आता धीर लागत नाही, यासारखं वाईट काय असेल?

उन्हाळ्यात तुम्ही आमच्याकडे तीन महिने राहून गेलात. आईचे गुडघे दुखतात म्हणून एकटेच आलात. जन्मभर रजिस्ट्री ऑफिसात लोकांची खरेदीखतं तपासलेला माणूस, सुट्टीवर येऊनही बसणार कसा? आमच्या गृहकर्जाचे कागद तुम्ही किचनच्या टेबलावर पसरून एकेक ओळ वाचलीत. अडलेला शब्द नातीला, ईराला विचारायचात. ती तिच्या आयरिश इंग्लिशमध्ये काहीतरी सांगायची, आणि काहीच कळलं नाही, तर दोघंही हसायचात.

एक दिवस तुम्ही एका ओळीवर बोट ठेवलंत. "हे पाय. बँक म्हणते, वकील आम्हाले मान्य असलेलाच पाहिजे. तुमचा वकील त्याईच्या यादीत हाय का?"

इथे बँक वकिलाच्या लेखी हमीवर पैसे सोडते. घर नीट नावावर होईल, कागद बँकेकडे पोचतील, ही हमी तो देतो. म्हणून तो बँकेला चालणारा हवा. तुम्हाला हे एका वाचनात कळलं. मी ते पान उलटलंही नव्हतं.

आमचा वकील तुमच्या जावयाच्या, निनादच्या ऑफिसातल्या कुणीतरी सुचवलेला. खाटकाच्या दुकानाच्या वर त्याचं एका खोलीचं ऑफिस. स्वतः फोन उचलायचा, गेलं की चहा विचारायचा आणि प्रत्येक प्रश्नाला "ग्रँड, ग्रँड" म्हणायचा, म्हणजे सगळं ठीक. आम्हाला तेवढं पुरलं.

"काऊन नाही विचारत बँकेले? एक फोन तर करायचा हाय."

"बाबा, हे अमरावती नाही," मी म्हटलं. तुम्ही कागद गोळा करून परत पाकिटात घातलेत. त्या बोलण्याबद्दल मी कधी माफीसुद्धा मागितली नाही.

दोन दिवसांनी तुम्ही पुन्हा विचारलंत, तेव्हा मी सांगितलं, "विचारलं बाबा. आहे यादीत." मी विचारलं नव्हतं. शिफ्ट होती, ईराचा डबा होता, खरं तर फक्त कंटाळा होता. तुम्ही चष्मा काढून खिशात ठेवलात. दुसऱ्यांच्या कागदातला एकेक शिक्का उजेडात धरून पाहणारे तुम्ही. माझ्याच शब्दावर इतका विश्वास का ठेवलात?

दिवाळीनंतर तुम्ही हॉस्पिटलमध्ये गेलात तो मंगळवार होता. शुक्रवारी आमच्या सह्या आणि घराचा ताबा. आई फोनवर म्हणाली, "त्याईले श्वास घेता येऊन नाही राहिला. येशील का?"

मी वकिलाला विचारलं, तारीख पुढे ढकलता येईल का? तो म्हणाला, घर विकणारे म्हातारे गृहस्थ किलकेनीला मुलीकडे राहायला चाललेत, दोनदा थांबले, आता थांबायचे नाहीत. हे मी आईला फोनवर सांगत होते तेव्हा तुम्ही फोन मागून घेतलात.

"सही करून ये. मी कुठं जातो?"

बाबा, ते तुम्ही मनापासून म्हणालात की मला मोकळं करायला? आईचा आवाज कापत होता. मला कळत होतं. तरी मी सहीसाठी थांबले.

गुरुवारी दुपारी तुम्ही गेलात. मी प्लांटमध्ये आत होते, फोन लॉकरमध्ये. बाहेर आले तेव्हा निनाद दारात उभा होता. "केतकी, आत्ता निघू. मिळेल त्या विमानानं," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, "उद्या सही करू आणि निघू. बाबांनीच सांगितलं होतं." त्यानं माझ्याकडे पाहिलं ते मी विसरू शकत नाही. अग्नी चुलतभावानं दिला.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघायच्या तयारीत असताना वकिलाचा फोन आला. बँकेनं त्याची हमी घ्यायला नकार दिला होता. बँकेला हवा तेवढा त्याचा वकिलीचा विमा नव्हता, यादीत त्याचं नाव नव्हतं. "तुम्ही बँकेला विचारलं असेल असं मला वाटलं," तो म्हणाला. त्यानं स्वतः बघायला नको होतं का? हवंच होतं. पण त्याला कुणी दोनदा बजावलं नव्हतं. मला बजावलं होतं.

मी रविवारी पोचले. आईनं मला मिठीत घेतलं आणि कानात विचारलं, "झालं का घर?"

"झालं," मी म्हटलं.

दुसरं काय सांगणार होते? घर झालं नाही, तर मग मी आले का नाही? तेव्हापासून ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, पोरीनं बापाचा शब्द पाळला. मी शेजारी बसून ऐकून घेतलं. तेराव्यापर्यंत.

परत आल्यावर नवी वकील शोधली. तिचं नाव आधी बँकेला विचारलं, एका फोनवर, पाच मिनिटांत उत्तर मिळालं. पण त्या गृहस्थांनी घर दुसऱ्यांना दिलं होतं. आता आमचा घरमालकही हे भाड्याचं घर विकतोय. मार्चपर्यंत सोडायचंय. बघायला जावं तिथे रांगा. काल ईरानं विचारलं, "मम्मा, आर वी होमलेस?" निनाद उठून बाहेर गेला. तो मला काहीच बोलत नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

इथवर लिहून थांबले आणि आईला फोन लावला. आता लावला नसता तर कधीच लावला नसता.

"आई, घर झालं नाही. बँकेनं वकील नाकारला. त्या शुक्रवारी सही झालीच नाही. मी खोटं बोलले."

ती हळूच म्हणाली, "मंग तू आली काऊन नाही?"

तुम्हीच सही करून ये म्हणालात, हे माझ्या तोंडाशी आलं होतं.

"त्याईचं ध्यान दाराकडेच होतं," ती म्हणाली. आणि फोन ठेवला. त्यानंतर तीनदा लावला. उचलत नाही.

बाबा, शनिवारचं तिकीट काढलंय. तिनं दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन. ती बोलेल ते सगळं ऐकेन, नाही बोलली तर तेही. आणि तुम्हाला शब्द देते, तुम्ही सही करून ये म्हणालात हे मी आता कुणालाही सबब म्हणून सांगणार नाही. तिलाही नाही, निनादलाही नाही. थांबायचं मी ठरवलं होतं, बाबा. तुम्ही नाही.

तुमची,
केतकी