डावा कौल

बोरीचा पाडा, बारवी धरणामागे
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

प्रिय करणदादा,
प्रगतीचा नमस्कार. आम्ही इकडे ठीक. भात झोडून झालं. किसनमामा उद्या भाजी घेऊन तुमच्या कॅम्प एकच्या बाजाराला येतायत, त्यांच्या हाती हे देते. तू दुकानात बसून लोकांना अनलिमिटेड डेटा विकतोस आणि तुझ्या सख्ख्या बहिणीला कागद खरडावा लागतो. दिव्याखाली अंधार!

देशातला एकही पाडा आता रेंजवाचून ठेवायचा नाही, असं मापं घ्यायला आलेला साहेब सांगून गेला. टॉवरला जागा हवी वाघोबाच्या टेकडीवर. ऐनाची थोडी झाडं तुटतील. लोक म्हणाले, देवाला विचारू. भगत आपले बाबाच. मंगळवारी त्यांनी देवाच्या दगडाला दोन्ही अंगांना पाण्याने फुलं चिकटवून कौल लावला. उजवं पडलं तर होकार. पडलं डावं. सगळे मुकाट घरी गेले. साहेब सोमवारी शेवटचं विचारायला येणार आहे.

दादा, मी शेजारीच बसले होते. डाव्या फुलाला बाबांनी नावापुरतं पाणी लावलं होतं.

घरी येऊन मी भांडले. देवाशी लबाडी करता? माझा राग तुला माहीत आहे, तांब्याच आपटला. तो उचलून ठेवत बाबा म्हणाले, "रेंज आली का पोराचा तोंड फोनात दिसल. मंग त्याचं पाय कशाला दारात येतील? आता फोन लागत नाय म्हनून तरी येतो."

त्यांचंही अगदीच चूक नाही. वांगणीला माझ्या सासरी शेजारच्या पुतळीकाकूंचा मुलगा रोज व्हिडिओवर "जेवलीस का" विचारतो. दिवाळीला आला नाही.

माझं म्हणशील तर बरी आहे. पाय जरा सुजतात. जरा नाही, चपला चढत नाहीत. नर्सबाई म्हणाल्या, रक्तदाब वाढलाय, डोकं दुखलं की लगेच गाडी बोलवायची. बोलवू कशी? रेंज मिळते वर खिंडीत, आणि मला चढायला बंदी. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्या फुलाची शिक्षा मला मिळाली असं धरून बसतील. आई गेल्यापासून ते असेच झालेत.

काल डोकं दुखलं. मला भीती वाटते, दादा.

टॉवर काही माझ्या बाळंतपणाआधी उभा राहणार नाही, एवढं मला कळतं. पण माझ्यामागून इथे आणखी पोरी बाळंत होणार आहेत. म्हणून चिठ्ठी मिळताच गाडी घेऊन ये. मला बदलापूरला दवाखान्यात पोचव, मग माघारी येऊन बाबांसमोर बस. थोरला मुलगा बसला तर कौल पुन्हा लावता येतो.

आणि त्यांना सांग, रेंज आली तरी मी येत राहीन. खोटं असलं तरी चालेल, पण तोंडावर येऊन सांग.

वाट बघणारी,
तुझी प्रगती