एका हलीम माणसाची सोयरीक

२ जानेवारी
रिटायर झालो. आजपासून अभिजात अरबी. खालच्या मजल्यावरचे मुकादम सर कॉलेजात अरबी शिकवायचे. म्हणाले, लिपीपासून सुरू करू. म्हटलं, लिपी नंतर; आधी स्वभावांचे शब्द द्या. पहिला शब्द : हलीम. म्हणजे ताकद असूनही राग गिळणारा. ऐकल्याबरोबर ओळख पटली. मीच तो.

५ जानेवारी
शेजारच्या हरेशने पुन्हा माझ्या पार्किंगमध्ये गाडी लावली. ओरडलो. वॉचमन धावत आला. सर म्हणाले, हलीम माणूस असं करत नाही. मान्य. ही 'गैरत', हक्काची चाड. तोही सद्गुणच.

९ जानेवारी
बायकोने, म्हणजे रमाने, चहात साखर कमी घातली. 'बुख्ल', म्हणजे कंजूषपणा. मी सोसायटीच्या पूजेला वर्गणी कमी दिली. 'इक्तिसाद', म्हणजे काटकसर. शब्दांतले बारकावे मला झपाट्याने कळतायत.

१८ जानेवारी, सकाळ
आज गव्हाणहून निकेशचे आईवडील येणार. आमच्या लेकीचं, कादंबरीचं, आणि त्याचं केव्हाच ठरलंय. त्याचे वडील मात्र आत्ता कुठे राजी झालेत. कादंबरी म्हणाली, बाबा, आज अरबी नको. बरं म्हटलं. एखादाच शब्द.

१९ जानेवारी
काल माझ्या हातून निकेशच्या वडिलांच्या, कमळाकररावांच्या, पँटवर चहा सांडला. ते हसले. मी म्हटलं, तुम्ही हलीम आहात. ते म्हणाले, "आमी हलीम खात नाय. मटणाचा रस्साच लागतो." त्यांच्या पत्नी भामाबाई म्हणाल्या, "हळीव ओ, बाळंतिणीला देतात ते." आणि कादंबरीकडे बघत राहिल्या.
गैरसमज नको म्हणून सविस्तर सांगितलं : भित्रा माणूसही राग गिळतो, वरवर फरक दिसत नाही. कमळाकररावांनी विचारलं, "मग मी कंचा?" म्हटलं, इतक्यात सांगता यायचं नाही.
जेवायला थांबले नाहीत. उरणरोडला ट्रॅफिक असतं.

२४ जानेवारी
रमा आणि कादंबरी गव्हाणला जाऊन आल्या. मला नेलं नाही. गाडीत जागा नसेल. लग्न पक्कं! म्हणजे माझा मुद्दा पटला.

२५ जानेवारी
कादंबरी खोलीत आली. म्हणाली, बाबा, तुमच्या वतीने मी त्यांच्या पाया पडून माफी मागितली. साखरपुड्यात तुम्ही फक्त उभे राहा.
डोळे सुजले होते तिचे. या सुजेला अरबीत काय म्हणतात, असं मनात आलं. विचारलं नाही.
सरांकडे गेलो. गप्प राहणाऱ्याला काय म्हणतात? म्हणाले, 'सामित'. लगेच वाक्यात वापरून दाखवणार होतो. सरांनी नको अशी मान हलवली.
घरी आलो. रमाने विचारलं, काय झालं? काही बोललो नाही.
तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.