फ्रिजवरचा गणपती

७ फेब्रु.
रेवा परवा होक्काइडोला. लिफ्टबिफ्ट नाही, डोंगर पायी चढायचा, मग बर्फाने भरलेल्या उभ्या घळीतून स्कीवर खाली. पोस्टडॉक करणाऱ्या मुलीला आमच्या टॅम्पिनीसच्या बारमाही उकाड्यात, सपाटीवर हे सुचतं!
आज माझी शिकवणी. बर्फाखाली गाडल्या गेलेल्याला शोधायचं यंत्र, बीकन. नवं सोबत नेणार, जुनं घरी. नवं तिने आपल्या गादीवर रजईखाली पुरलं, जुनं माझ्या हातात. बाण दिशा दाखवतो, आकडा मीटर. एकाच्या खाली गेला की गुडघ्यावर यायचं.
"बाबा, फोन आधी लांब ठेवा. सिग्नल बिघडतो."
ठेवला स्वयंपाकघरात. तरी वीस मिनिटं लागली.
"कॅनॉट लाह, नाही जमत तुम्हाला! मी केव्हाच गेले." हसली. सुमा नाही हसली.

९ फेब्रु.
गेली. सुमाने हातावर दही घातलं. माझी गुपचूप भर: फ्रिजवरचा गणपती, बीकनच्या कप्प्यात, यंत्राला पाठ टेकवून. अधिकस्य अधिकं फलम्.

११ फेब्रु.
रेवाचा फोन. खड्डा खणून थर पाहिले. नवा बर्फ जुन्यावर नीट बसलेला नाही. आजची घळ रद्द. उतरतात एकेक करून, बाकीचे आडोशाला. एकानेही 'नको' म्हटलं की सगळे परत. (मराठी मंडळात हा नियम आणला तर गणेशोत्सवच व्हायचा नाही.) उद्या अंदाज बरा आहे. वर फोन लागत नाही. दुपारी खाली आली की करेल.

१२ फेब्रु., सकाळी
"अहो, फ्रिजवरचा गणपती कुठाय?"
सांगितलं. कौतुकाची अपेक्षा होती.
सुमाने बीकनची माहितीपुस्तिका समोर धरली. चुंबक जवळ ठेवू नये. यंत्र भलतंच वागू शकतं. आमच्या गणपतीच्या पाठीला चुंबकच.
मेसेज टाकला: 'कप्प्यातून गणपती काढ. चूक माझी.' एकच टिक.
चढण्याआधी सगळ्यांची बीकनं तपासतात म्हणे. तपासली असतील.

अकरा वा.
जुनं बीकन चालू केलं. उगीच. शोधायच्या खुणेवर.
३८. अख्खं घर लांबीला बारा मीटर. एसी, वायफाय, शेजाऱ्यांचं काहीबाही. कार्यकारणभाव स्पष्ट आहे. घरातलं सगळं बंद केलं.
२१.

दीड
टिक एकच.
बाण रेवाच्या खोलीकडे. ९. दारात ४. दारातच गार लागलं. एसी बंद आहे, पुन्हा पाहिलं.
रजई सुमाने परवा घडी घालून कपाटात ठेवली होती ना? गादीवर पसरलेली आहे. विचारलं नाही.

पावणेदोन
०.६. गुडघ्यावर बसलोय, वही गादीवर टेकवून. रजई गार. कडेला ओलसर.
फोन स्वयंपाकघरात आहे, शिकवल्याप्रमाणे. वाजतोय.
"अहो, तुम्ही घ्या." सुमा तिथेच उभी आहे, फोनपाशी.
रजई अजून उचललेली नाही