बाराची तोफ

३ ऑक्टोबर
तपासणीला साहेब येणार! होडीवाल्याने निरोप आणला. तोफा बघणार, तटाची पडझड बघणार – आणि ह्यांनाही. ह्यांना हल्ली कमी ऐकू येतं. तोफ उडवणाराच बहिरा निघाला तर नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर बुरुजाखालचं हे घर. निवृत्तीपर्यंत झाकली मूठ सव्वा लाखाची!

५ ऑक्टोबर
दिवसभर गंज खरवडला, तोफांना तेल चोपडलं. थोरली तेवढी कमावती, रोज बाराला उडते. बाकीच्या बसून खातात. एकीच्या तोंडात कोंबडी अंड्यांवर बसलेली. हे म्हणाले, "असू दे, बाळंतपणाच्या रजेवर आहे."

८ ऑक्टोबर
हवा सर्द. मीठसुद्धा पाझरतंय.

१४ ऑक्टोबर
साहेब आले. तरुण आहेत, भला माणूस. मी ह्यांना चिकटून. साहेबांनी काही विचारलं की मी मोठ्याने, "अहो, दारू कुठे ठेवता विचारताहेत!" साहेब हसले, "काकू, मुलाखत तुमची नाही!" उत्तरं मात्र ह्यांनी ठणठणीत दिली. निभावलं. उद्या तोफ बघून साहेब जाणार.

१५ ऑक्टोबर


हे भिंतीआडून दोरी ओढतात, तोफेकडे पाठ करून. मी ह्यांच्यासमोर खिडकीत, नेहमीसारखी. तोफ उडाली की लगेच ओलं फडकं बांधलेला गज तोंडातून आत घालायचा, ठिणग्या विझवायच्या. उडाली नाही, तर अर्धा तास जवळ फिरकायचं नाही – दारू आत धुमसत असते. हा नियम मला ह्यांनीच शिकवलेला.

आज दोरी ओढली, आणि तोफ गप्प! तेवढ्यात वाऱ्याने माझ्यामागचं दार धाडकन आपटलं. मी केवढ्याने दचकले! वळून बघते तर हे गज घेऊन थेट थोरलीच्या तोंडाशी. अनवाणी धावले, सदरा धरून मागे ओढलं.

दारू सर्दली होती, म्हणून हे वाचले.

साहेबांना म्हटलं, "हे तुमच्यापुढे गोंधळले हो!" त्यांना पटलं. सगळं ठीक असा शेरा देऊन गेले.

१६ ऑक्टोबर
सकाळी चहा पिताना स्वतःच बोलले. "तोफेचा आवाजसुद्धा मला दोन वर्षांपासून येत नाही. बोलणं तुझ्या ओठांवरून ओळखतो. तू दचकलीस, की उडाली समजायचं."

आणि मी मेली समजत होते, अजून कौतुकाने माझ्याकडे बघतात!

खूप रडले. मग साहेबांना मीच फोन लावला. सगळं सांगितलं.

घर जाईल. जाऊ दे.