हातावरची कुस्ती

आबा, काल धारूरच्या जत्रेत मला शाल-नारळ देऊन स्टेजवर बसवलं आणि मी लई चिडलो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मान दिलाय तर घ्यावा की गप." पण आधी ऐकून घ्या.

तुम्ही मेंढरं काकाकडं सोडून मला कुस्त्यांना न्यायचात. आंधळ्या पोराला कुस्त्या कशाला, असं कुणी म्हटलं तर त्याच्याकडं लक्षच द्यायचा नाहीत. फडाच्या कडेला घोंगडी टाकायची, मला पुढ्यात घ्यायचं आणि आत जो डाव लागेल तो माझ्या अंगावर दाखवायचा. ढाक लागली की दंड आवळून कमरेवरून वळवायचं. पट निघाला की गुडघ्यातून पाय उचलायचा. चितपट झाली की मी पाठीवर, घोंगडीवर, हसत पडलेला. लोक ओरडायच्या आत मला निकाल कळलेला असायचा.

आता फड मोबाईलमध्ये आलाय. कुस्तीशौकिनांचा एक ग्रुप आहे, त्यात मीही आहे. माझा मोबाईल लिहिलेलं सगळं वाचून दाखवतो, पण फोटो आला की नुसतं "फोटो" म्हणतो आणि गप बसतो. व्हिडिओवर गाणं चढवलेलं, कुस्तीचा आवाजच नाही. खाली सगळे वा वा करतात, आणि मी बाहेर उभा. मी लिहिलं, फोटोखाली एक ओळ टाका, कोण वर, कोण खाली, कोणता डाव. तर दिंद्रुडच्या एका गड्यानं आवाजात उत्तर धाडलं, "दिसत न्हाई तर कुस्तीच्या ग्रुपात कावून आलास बे?" लागलं मला ते. पण ग्रुप सोडला नाही. येईल त्या फोटोखाली विचारत राहिलो, कोणता डाव?

तर या ग्रुपवाल्यांनी काय करावं? जत्रेत माझा सत्कार केला. फेटा, टाळ्या, पुढाऱ्यांच्या ओळीत खुर्ची. फड तिथून इतका लांब की मातीत अंग आपटल्याचा आवाजसुद्धा येईना, कानात नुसता भोंगा. मागितली होती एक ओळ, ती सोडून सगळं दिलं. मी नारळ शेजारच्या पुढाऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि काठी घेऊन खाली उतरलो. फडाच्या कडेला जाऊन बसलो, शेजारच्याला म्हणालो, "आत काय चाललंय ते माझ्या हातावर दाखवा."

"म्हंजी कसं?" आवाज ओळखीचा, दिंद्रुडवालाच. मी त्याचा दंड आवळून ढाक दाखवली. मग त्यानं माझा हात अगदी हळू धरला, अंडं धरावं तसा. म्हटलं, "जोर लाव, मी मोडत न्हाई." हळूहळू गडी रंगात आला. पट निघाला तसा त्यानं माझा पाय उचलून मला शालीसकट मातीत पाडलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, त्याला कावून पाडतोस?"

"पाडत न्हाई, कुस्ती सांगतोय."

आज सकाळी त्याच्या फोटोखाली एक ओळ होती. बाकीचे अजून नुसते फोटोच टाकतात. विचारत राहणार, त्यांना सोडतो की काय.

हे मी मोबाईलला बोलून लिहिलंय. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि आता पाठवायचं तरी कुठं, म्हणून इथंच ठेवतो. एक मात्र कबूल करतो, आबा. त्या स्टेजवर बसलो होतो तोवर तुमची आठवण सारखी येत होती. खाली कुस्ती रंगली आणि मग एकदाही आली नाही.