सातवा रकाना

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

देवाच्या कृपेने आम्ही दोघं बरे आहोत, पण तुझ्या भावजींच्या आत्मशोधापायी डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली आहे. जन्मभर दुकानदारांचे वजनकाटे तपासले, आता स्वतःलाच तोलायची हुक्की आली! मे अखेर निवृत्ती. दोन वर्षं मुदतवाढ मिळाली तरच हे क्वार्टर राहील, आणि त्यासाठी सरकारला सद्गुणांचा फॉर्म भरून द्यावा लागतो. सातव्या रकान्यात ‘स्वभावदोष असल्यास लिहावेत’ असं आहे. सगळं खातं तिथे ‘निरंक’ लिहितं. यांनी दोन पुरवण्या जोडल्या! ऊन असलं की दुकानाबाहेरूनच काटा बरोबर ठरवतो, साहेबांच्या विनोदांना खोटं हसतो, असं काय काय. स्वतःला ओळखल्याशिवाय सद्गुण कसला, म्हणतात. मी म्हटलं, ओळखा की, पण तीन प्रतींत कशाला?

फॉर्म तुझ्याच टेबलावर येईल. काहीतरी कर बाबा.

तुझी,
ताई


दि. ११ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. नमस्कार.

पुरवण्या वाचून पोट धरून हसलो. इथे चारशे फॉर्म आलेत, चारशेच्या चारशे निर्दोष! एवढे संत एका खात्यात असताना फाईल हलायला सहा महिने का लागतात, कोण जाणे. साहेबांनीही ‘निरंक’ लिहिलं, माझ्यावर खेकसता खेकसता.

वाट आहे. सातव्या रकान्यातली दुरुस्ती जोडीदाराच्या सहीने चालते. सरकारच्या मते बायकोला दिसले नाहीत ते दोष नसतातच. सोबतच्या दुरुस्तीपत्रावर ‘निरंक’ मी लिहिलंय, तू फक्त सही कर. पुरवण्या परत पाठवतोय, त्या फाडून टाक.

भावजींना नमस्कार. त्यांच्या दोषांनाही.

तुझा,
धाकटा


दि. १८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सही करायला बसले. यांना विचारलं, तर तुझा विवेक तुझ्यापाशी, म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. असा संताप आला! हे भांडले असते तर मी सही ठोकून मोकळी झाले असते. पण रोज देवापुढे आपल्या चुका कबूल करायच्या आणि तिथून उठून सरकारला थाप मारायची, हे काही जमेना.

म्हणून फाडण्याआधी पुरवण्या वाचल्या. अरे, माणूस स्वतःला किती अर्धामुर्धा ओळखतो! ध्यानात घोरतात, ते नाही. कबुली दिली की चूक मिटली असं समजतात, ते नाही. बायकोला न विचारता तिचं घर पणाला लावलं, त्याचा तर पत्ताच नाही. तिसरी पुरवणी मी लिहिली आणि तिच्याखाली सही केली. यांना दाखवली. यांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, शेवटचा दोष खरा आहे. आणि सामान भरायला खोकी आणायला स्वतः गेले.

तिन्ही पुरवण्या साहेबांना दे. आमच्यासाठी दोन खोल्या बघ. मधे दार हवं, आत्मशोध त्यांनी पलीकडे करावा. कडी मात्र माझ्या बाजूने.

लोभ असू दे. रागावला असशील तरी खोल्या बघच.

तुझी,
ताई