तारखेपुढचे दहा दिवस

प्रिय दादा,

परवा तुझा फोन ठेवल्यापासून हातात काम धरवत नाही. आईचं पहिलं वर्षश्राद्ध तोंडावर आलंय आणि तू म्हणालास, "नैवेद्याचं सगळं तूच रांध. तुझ्या वहिनीचा हात मला त्या ताटाला लागायला नको." मी नुसतं "बरं" म्हणाले. घरात थोरली सून असताना मुलीनं नैवेद्य रांधला, तर काका-काकू वहिनीबद्दल काय समजायचं ते समजतील. वर्षभर तू वहिनीशी धड बोललेला नाहीस, हे मला ठाऊक आहे. तिनं तुमच्या सुवॉनच्या घरून पाठवलेल्या माशाच्या वड्या खाऊन आई गेली, हे तू मनाशी पक्कं धरलंयस.

आईला तर तू ओळखतोसच. कोरियन युद्धाच्या दिवसांत जवाच्या पेजेवर वाढलेली बाई, तिच्या हातून शीतसुद्धा टाकलं जात नसे. तू लहानपणी दूध हुंगून पेला बाजूला सारायचास, तेव्हा "आले मोठे साहेब!" म्हणत तीच तो घटाघट पिऊन टाकायची. पाकिटावरच्या तारखेला तिनं कधी भीक घातली नाही. "तारीख दुकानदाराची, नाक माझं," हे तिचं ठरलेलं. इमारतीखाली ते उरलेलं अन्न टाकायचं यंत्र बसलं आणि टाकलेल्याचं वजन मोठ्यानं सांगायला लागलं, तेव्हा ती चिडून म्हणाली, "चहाडखोर मेलं! आता गुनसान गावभर करा म्हणावं माझी बदनामी."

पण कोविडनं तिचं नाकच नेलं. करपलेलं कळेना, नासलेलं कळेना. डोळे आधीच अधू. जेवायला बसली की घास हातात धरून घाबरायची, ते मला बघवायचं नाही. मग मी दर रविवारी जाऊन तिच्या फ्रिजमधल्या प्रत्येक पाकिटावर काळ्या मार्करनं मोठ्ठा आकडा घालायला लागले. छापलेली तारीख असायची दुकानदारानं कधीपर्यंत विकायचं त्याची. माल त्यानंतरही चांगला राहतो, म्हणून मी त्यात दहा दिवस मिळवून लिहायची. इथं सगळ्याच बायका असं मोजायच्या. आई खूश होती. म्हणायची, "आता तूच माझं नाक गं."

पुढे सरकारनं पद्धत बदलली. लोक छापील तारीख उलटली की चांगलं अन्न फेकतात, म्हणून आता खाण्याचीच शेवटची तारीख छापायची असं ठरलं. वर्षभर जुनी-नवी पाकिटं दुकानात शेजारी शेजारी होती. मी कामाला आहे त्या शाळेच्या स्वयंपाकघरात त्याचा कागद लागला, तो सगळ्याजणींना मीच वाचून दाखवला. जुन्या ओक-बूनला दोनदा बजावलं, "ते वरचे दहा दिवस आता विसरायचे हं. ही तारीख गेली की टाकायचं." ती म्हणाली, "कळलं गं, मास्तरीणबाई." शाळेत माझ्या हातून एकदाही चूक झाली नाही.

गेल्या नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी वहिनीचं खोकं आलं होतं. सगळं ताजं होतं. वड्यांवर पंधरा तारीख होती, नव्या पद्धतीची. मी आईशी तुझ्याबद्दल बोलत होते, हसत होते, आणि सवयीनं त्यावर पंचवीस लिहिलं. आईनं वड्या पुरवून पुरवून खाल्ल्या. घाई कशाला, आकडा होता ना! चोवीस तारखेला शेवटच्या चार तशाच थंड खाल्ल्या आणि तीन दिवसांत आटोपलं सगळं. तू दवाखान्यात वहिनीच्या नावाचं खोकं नाचवत सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडलास, त्याच्या तासभर आधी ते पाकीट मी बारीक फाडून टाकलं होतं. वहिनी एवढंच म्हणाली, "मी ताजंच पाठवलं होतं हो." तिनं माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घातली आणि वर्षभर तशीच ठेवली. मला लाज वाटते दादा, आणि त्याहून जास्त तुझी भीती वाटते. हे सगळं आज सकाळी वहिनीला फोनवर सांगितलं. ती खूप वेळ रडली आणि तिनं फोन ठेवला. नैवेद्य तिलाच रांधू दे. आईच्या ताटापासून लांब ठेवायचा हात तिचा नाही, माझा आहे.

अजूनही तुझीच म्हणवून घेणारी,
म्यॉंग-सुन